गॅरंटीत मे महिना धरलाय का?

घरामागचं अंगण एका बाग करून देणाऱ्या कंपनीकडून करून घेतलं, त्याचा हा हिशोब. आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे होतील. पाचपैकी तीन तारे. मांडवाला आणि ठिबकला पैकीच्या पैकी, झाडांच्या निवडीला काठावर पास, लॉनला आणि पेव्हर ब्लॉकला भोपळा. कंपनीचं नाव लिहीत नाही. पोरं कष्टाळू आहेत, उद्धट नाहीत, फोन उचलतात. शिवाय ज्या गोष्टींवर मी बोट ठेवणार आहे त्या मी मागवलेल्या प्रत्येक कोटेशनमध्ये होत्या, फक्त भाव वेगळे होते.

जागेचं सांगते. घर नागपूरला, बेसा रोडच्या आतल्या बाजूला. दार पूर्वेला, म्हणजे सांदवाडी, घरामागचं अंगण, पश्चिमेला. साधारण ४० बाय २२ फूट, तीन बाजूंनी कंपाउंड, जमीन काळी कुळकुळीत. नागपूरकरांना यापुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: उन्हाळ्यात दुपारी एकपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आणि त्याच भिंतीच्या खिडकीत कूलर. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. २०२४ च्या मेअखेरीस तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर आमची बातमी झाली. नंतर यंत्रच बिघडलं होतं असं हवामान खात्यानं सांगितलं. आमच्या गल्लीत मात्र ५६ ऐकून कुणाची भुवईसुद्धा वर गेली नव्हती.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. माती, उतार, पाणी यांच्यात नोकरी गेली. त्यामुळे मागच्या अंगणाचं काम काढलं तेव्हा घरात जेवढी माणसं तेवढ्या मागण्या जमल्या. यांना संध्याकाळी चहा घ्यायला हिरवळ पाहिजे. सासूबाईंना भाजीचा वाफा आणि देवाला फुलं. बंगळुरूची लेक रोज फोटो पाठवायची, त्यातले निम्मे बालीचे असायचे आणि उरलेले तिच्या सोसायटीचे, जिथं ३५ अंश झाले की लोक हाय हाय करतात. मला एकच हवं होतं: रात्री दहाला पोळ्या लाटताना पाठीमागची भिंत तव्यासारखी तापलेली नको.

कंपनीची माणसं ऑगस्टमध्ये आली. आणि इथंच पहिली मेख आहे. ऑगस्टमध्ये नागपुरात वाळकी काडी खोवली तरी तिला पालवी फुटते. बारीक पाऊस, ढगाळ दुपार, सगळीकडे हिरवंगार. मालक तिशीचा, नम्र. हातात टॅब, टॅबवर आमच्याच अंगणाचं थ्रीडी चित्र. चित्रात लॉन होती, लॉनमध्ये पांढऱ्या गोट्यांची वळणदार वाट होती, एक कारंजं होतं आणि दोन बाया पांढऱ्या खुर्च्यांवर बसून हसत होत्या. कोटेशन १ लाख ८५ हजारांचं. खाली बारीक अक्षरात, रोपांची गॅरंटी तीन महिने. काम संपलं ऑगस्टअखेर. म्हणजे गॅरंटी नोव्हेंबरअखेर संपणार.

मी म्हटलं, "दादा, याच्यात मे महिना कुठं आहे?"

तो हसला. "होऊन जाते ना काकू. एवढं टेन्शन नका घेऊ. पाणी देऊन राहिले तर काही नाही होत झाडाले."

हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं. पुढं उपयोगी पडलं.

आता चांगलं आधी. मांडव. कंपनीकडे एक मुलगी आहे आर्किटेक्ट, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. तिच्यासाठी तीन ताऱ्यांतले दोन तारे आहेत असं समजा. ती एकटीच फोनवर सूर्याचा मार्ग बघून काम करत होती. बाकी कोटेशनवाल्यांनी पडदा दक्षिणेच्या कंपाउंडला दाखवला होता, कारण ऊन दक्षिणेचं असा सरधोपट समज. तो थंडीपुरता खरा. मेमध्ये नागपूरच्या डोक्यावर सूर्य जवळजवळ सरळ येतो, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवसही पडतो, आणि मावळताना तो बरोबर पश्चिमेला न मावळता चांगला वीसेक अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे चार ते सहाचं ऊन वायव्येच्या कोपऱ्यातून तिरपं आत घुसतं. पोरीनं मांडवाचा पश्चिमेकडचा आणि वायव्येचा भाग उभ्या जाळीनं बंद केला, दक्षिण मोकळी ठेवली. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेचं ऊन मिळतं आणि सासूबाई तिथं शेकत बसतात. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, वर हिरवी नेट ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, आणि उभ्या जाळीवर मधुमालती.

मधुमालती ही निवड मला आवडली. पाण्याचा बाऊ नाही, उन्हात पानं टिकतात, संध्याकाळी उमलणारी फुलं पांढरी असतात आणि मग गुलाबी, लाल होत जातात. वास रात्री. पहिल्या उन्हाळ्यात ती जेमतेम कमरेएवढी होती, तेव्हा सगळा भार नेटवरच होता. दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं जाळी भरून टाकली आणि भिंतीचा फरक हाताला कळायला लागला. पहिल्या मेमध्ये रात्री दहाला भिंतीला हात लावला की काढावासा वाटायचा. आता ती कोमट असते. थंड म्हणणार नाही, नागपूर आहे. पण पोळ्या होतात.

सासूबाईंचं मत वेगळं. त्यांच्या मते एवढं लोखंड घालायची गरजच नव्हती. "पऱ्हाटी-तुऱ्हाटीचा मांडव करावं, त्याच्यावर फेब्रुवारीत दोडका न् गिलकं सोडावं. सावलीची सावली, भाजीची भाजी." पऱ्हाटी-तुऱ्हाटी म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या. यात काही चूक नाही. ज्यांना दीड-दोन लाख घालायचे नाहीत त्यांनी हेच करावं, मी लिहून देते. फरक इतकाच की दोडक्याचा मांडव दरवर्षी नव्यानं उभा करावा लागतो आणि आमच्याकडे आता तो बांधणारं माणूस नाही. तडजोड म्हणून दक्षिणेच्या टोकाला एक बाजू त्यांच्या गिलक्याला दिली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या गिलक्यानं मधुमालतीपेक्षा लवकर सावली दिली आणि सासूबाईंनी ते सगळ्या पाहुण्यांना सांगितलं.

ठिबक. कामात खोट काढायला जागा नाही. १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी नळी, तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडणारे ड्रिपर, झाडाला ४ लिटर ताशी आणि लहान रोपांना २ लिटर ताशी, सुरुवातीला जाळीचा फिल्टर, शेवटाला उघडता येणारं टोक. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांतून हे सामान गल्लोगल्ली मिळतं, त्यामुळे एखादा ड्रिपर बिघडला तर कंपनीची वाट पाहायला नको. तीन तक्रारी आहेत, पण त्या कामाच्या नाहीत, समजावून न सांगण्याच्या आहेत.

पहिली, टायमर त्यांनी संध्याकाळी साडेपाचला लावून दिला होता, कारण त्यांच्या माणसाला तेव्हा तपासायला सोपं. मेमध्ये साडेपाचला जमीन भट्टी असते. मी तो पहाटे पाचवर आणला. दुसरी, बोअरचं पाणी जड आहे. दोन-तीन महिन्यांत ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. संत्रावाले शेतकरी यासाठी अ‍ॅसिड ट्रीटमेंट करतात. घरगुती प्रमाणात ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तरी भागतं. हे कंपनीनं एका ओळीत लिहून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

तिसरी जरा गंभीर. त्यांच्या माळ्यानं सल्ला दिला की कूलरच्या टाकीतलं पाणी फुकट जातं, पाइप लावून कुंड्यांत सोडा. दिसायला शहाणपणाचं आहे. पण कूलरमधून वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार टाकीतच राहतात. आठवड्याभरात तळाचं पाणी चांगलंच खारट होतं. ते रोज एकाच कुंडीत गेलं तर पानांच्या कडा करपतात आणि आपल्याला वाटतं उन्हानं झालं. नारळाला कधीमधी घातलं तर चालेल. मोगऱ्याला नाही.

आता भांडण. लॉन.

साडेचारशे चौरस फूट लॉन म्हणजे साधारण ४२ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हा शाळेतला हिशोब. आमच्याकडे मेमध्ये हिरवळीला हिरवं ठेवायचं तर रोज सात-आठ मिलिमीटर तर कुठंच गेलं नाही. म्हणजे रोज ३०० लिटरच्या वर पाणी फक्त गवताला, आणि ते वरून फवारलं तर वाऱ्यावर जातं ते आणखी वेगळं. ज्या महिन्यात शेजारच्या गल्लीत टँकर येतो त्या महिन्यात. मी हे पहिल्याच बैठकीत मांडलं तर मालक म्हणाला, "मॅडम, सिलेक्शन वन टाकू, लय हार्डी आहे." सिलेक्शन वन म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातली. हार्डी आहे हे खरं, हरळी मारून मरत नाही. पण हरळीला ऊन लागतं. आणि त्यांनीच काढलेल्या नकाशात निम्मी लॉन मांडवाखाली होती! एकाच कागदावर एका हातानं सावली द्यायची आणि दुसऱ्या हातानं उन्हाचं गवत. दोघं एकाच ऑफिसात बसतात, एकमेकांना विचारत नसावेत.

व्हायचं ते झालं. यांच्या हट्टामुळे लॉन घातली गेली, मी विरोध नोंदवून सही केली. जानेवारीपर्यंत मांडवाखालची लॉन विरळ होत होत टक्कल पडलं. उन्हातली लॉन मार्चपर्यंत देखणी होती, मग पाणी पिऊ लागली. वर आणखी एक भेट: लॉनखाली म्हणून जी ट्रॉलीभर माती आणली होती तिच्यातून लव्हाळा आला. ज्यांनी लव्हाळा उपटला आहे त्यांना ठाऊक आहे, वरचं पातं हातात येतं आणि खालच्या गाठी माळेसारख्या तशाच राहतात. कंपनीचा माणूस म्हणाला तणनाशक मारू. मी म्हटलं, माती आणताना बघायची होती. माती कुठून आणली, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

कुणी सांगेल मग प्लास्टिकची लॉन घाला. शेजारी घातली आहे. एप्रिलमध्ये दुपारी तीनला अनवाणी पाय ठेवून या, मग बोलू.

पेव्हर ब्लॉकचं प्रकरण माझ्या नोकरीच्या जवळचं असल्यामुळे जास्त लागलं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर काहीही घालायचं तर आधी ती फूटभर तरी उकरून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून थर थर कुटायचा, मग बारीक गिट्टी, मग वाळू किंवा चुरी, मग ब्लॉक. कंपनीच्या माणसांनी वरची माती चार बोटं खरवडली, वाळू पसरली आणि ब्लॉक मांडायला लागले. मी अंगणात उभी होते म्हणून दिसलं. उतारही घराच्या भिंतीकडे. पहिल्या पावसात पाणी जोत्याला लागलं असतं. काम थांबवून उतार उलटा करून घेतला, शंभराला एक, कंपाउंडच्या नालीकडे. मुरुमाबद्दल मात्र मालकानं "कोटेशनमध्ये नाही" असं म्हटलं आणि ते खरंच होतं. मुरुमाचे वेगळे पैसे देते म्हटलं, तर हो हो करून अर्ध्याच भागात टाकला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मुरूम टाकलेला भाग सपाट आहे आणि उरलेला वर-खाली झाला आहे. एवढा स्वच्छ प्रयोग आमच्या खात्याच्या प्रयोगशाळेतही झाला नसता.

आणि पेव्हर तापतात. दिवसभर ऊन पितात, रात्री सोडतात. कूलर खिडकीत बसून तीच हवा ओढतो. खिडकीसमोरचे ब्लॉक आम्ही शेवटी काढून टाकले आणि तिथं शहाबादी फरशीचे तुकडे सुटे सुटे ठेवले, मधल्या फटींत मातीच. जिथं झाडं आहेत तिथं जमीन सोयाबीनच्या कुटारानं, म्हणजे भुशानं, झाकली. कुटार गावाहून येतं, बरेचदा नुसत्या गाडीभाड्यात. चार बोटं जाडीचा थर घातला की ठिबकच्या पाण्यानं जमीन दुपारपर्यंत ओली राहते आणि पावसाळ्यापर्यंत कुटार कुजून मातीत जातं, काळी माती भुसभुशीत होते. खोडाला चिकटवून घालायचं नाही, आणि वाळवी दिसली तर हलवायचं, बस. यासाठी कोटेशनमध्ये पांढरे गोटे होते, किलोवर भाव. पांढऱ्या गोट्यांवरून मेच्या उन्हाची तिरीप डोळ्यात जाते आणि त्यांच्याभोवतालची रोपं खालूनही भाजतात. परत पाठवले. कारंजंही. डेंगीच्या मोसमात घरामागं साचलेलं पाणी कुणी विकत घ्यायचं?

झाडांच्या निवडीला काठावर पास का दिलं, ते आता.

पश्चिमेच्या सावलीसाठी त्यांनी बहावा सुचवला होता. बहावा मलाही प्रिय आहे. मेमधला पिवळा झुंबरांचा बहावा रस्त्यावर दिसला की मी गाडी हळू करते. पण बहावा ऐन उन्हाळ्यात पानं टाकून फुलतो. सावली पाहिजे तेव्हा त्याच्याकडे फुलं असतात, पानं नसतात. सावलीचं झाड आमच्याकडे कोणतं, हे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रिक्षा बघून कळतं: कडुनिंब आणि करंज. दोघंही फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतात आणि एप्रिलपर्यंत नव्या पानांनी भरून येतात. पण हे मोठे वृक्ष, घराच्या पायापासून लांब पाहिजेत, आणि काळ्या मातीत तर नक्कीच. २२ फुटांच्या सांदवाडीत कुठलाच बसत नाही. म्हणून आम्ही करंज कंपाउंडबाहेर, मोकळ्या पट्ट्यात रीतसर विचारून लावला आणि आत देवचाफा, सीताफळ, कढीपत्ता, लिंबू ठेवलं. ही दुरुस्ती सुचवल्यावर आर्किटेक्ट पोरीनं लगेच मान्य केली, तेवढ्यासाठी काठावर पास.

काठावरच का, तर कुंपणाला कोनोकार्पस. "काकू, सहा महिन्यांत आठ फूट, पाणी नाही लागत, जनावर खात नाही." सगळं खरं आहे. पण त्याची मुळं पाइप आणि गटारं शोधत जातात, त्याच्या परागकणांच्या त्रासाच्या तक्रारी आहेत, आणि गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आमच्या सेप्टिक टँकची लाइन त्याच कंपाउंडच्या कडेनं जाते. मालकाला बंदीची बातमी माहीत होती. "महाराष्ट्रात थोडीच आहे," असं उत्तर मिळालं. यावर काय बोलणार, बाप्पा! त्याजागी अडुळसा आणि मेंदी लावली. हळू वाढतात, छाटणी मागतात, पण मेंदीची कुंपणं आम्ही लहानपणापासून बघतो आहोत, ती उन्हात जळालेली आठवत नाही. कण्हेरही सुचवली होती. उन्हाला तिच्यासारखी तीच, पण सगळं झाड विषारी, आणि नातवंडं सुट्टीत येतात ती नेमकी मेमध्येच.

संत्र्याचा किस्सा सांगितल्याशिवाय नागपूरकराचं लिखाण पुरं व्हायचं नाही. चित्रात लॉनच्या मधोमध एक संत्र्याचं झाड होतं, फळांनी लगडलेलं. त्यांनी हौसेनं कलम आणलं, चांगलं होतं, जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं. आणि लावताना कलमाचा जोड मातीत पुरला. वर मातीचं आळं करून खोडाशी पाणी. ज्या शहरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे त्या शहरात! जोड जमिनीच्या वर चांगला वीतभर पाहिजे आणि खोडाला पाणी लागता कामा नये. नाही तर डिंक्या धरतो, साल फुटून डिंक गळतो आणि झाड एका बाजूनं वाळत जातं. बागायतदार दुहेरी आळं करतात, आतलं खोडाभोवती कोरडं, बाहेरच्यात पाणी. मी माळ्याला म्हटलं, "भाऊ, काढा हे." त्यानं मुकाट काढलं, उंचवटा करून पुन्हा लावलं, आणि मग हळूच सांगितलं की त्याच्या सासऱ्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, त्याला हे माहीत होतं, पण "साहेबानं नकाशात जिथं गोल काढला तिथं लावाव लागते." लॉनच्या मध्ये संत्रा ठेवला असता तर रोजच्या फवाऱ्यानं ते खोड कायम ओलंच राहिलं असतं. आता ते घरापुढं पूर्वेच्या कोपऱ्यात आहे, दुपारनंतर घराची सावली मिळते तिथं, आणि पावसाळ्याआधी खोडाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लागतं.

फुलांमध्ये मोगऱ्यानं पैसे वसूल केले. थंडी सरता सरता छाटला, शेणखत घातलं, मार्चपासून कळ्या. सासूबाईंच्या देवांना रोज ओंजळभर. बोगनवेल मात्र रुसली होती, नुसती पानं. कारण सोपं निघालं: मोगरा आणि बोगनवेल एकाच ठिबकच्या ओळीवर, दोघांना सारखं पाणी. बोगनवेलीला पाण्याची ओढ बसल्याशिवाय ती फुलायचं नाव घेत नाही. तिच्या ड्रिपरला बूच मारलं. त्या फेब्रुवारीत कंपाउंडवर जांभळा रंग आला तो मेपर्यंत उतरला नाही. अरेका पाम आणि इतर ऑफिसातली म्हणावी अशी जी रोपं होती ती पहिल्या एप्रिलमध्येच कागदासारखी झाली. मी फोटो पाठवले आणि सोबत वहीतलं ते वाक्य. मालकानं गॅरंटी संपली असताना निम्मी रोपं बदलून दिली, आणि बदलून देताना मी सांगितलेली दिली. हे मी त्याच्या बाजूनं मोजते.

देखभालीचा वार्षिक करार १८ हजारांत देतात. मी घेतला नाही. त्यांचा माणूस लॉन कापायला येतो आणि लॉनच उरलेली नाही. ठिबकचा फिल्टर धुणं, छाटणी, कुटार बदलणं हे त्या माळ्याकडून, काटोलच्या जावयाकडून, थेट करून घेते. कंपनीला सांगूनच, चोरून नाही.

तर बोलवावं का यांना? मांडव आणि ठिबकसाठी जरूर, पण तीच आर्किटेक्ट साइटवर येणार असेल तर. बोलवायचं ते एप्रिल-मेमध्ये बोलवा, नकाशा आणि लोखंडकाम तेव्हाच उरका, रोपं मृगाचा पाऊस पडल्यावर लावा. मुरुमाची जाडी इंचात लिहून घ्या. माती कुठली, ते विचारा. रोपांची गॅरंटी पुढच्या १५ जूनपर्यंत मागा. कुरकुर करतील, पण आमच्या मागच्या लाइनमधल्या एका घराला त्यांनी ती दिली आहे. आणि पहिल्या भेटीची वेळ ठरवताना ते "ऊन उतरल्यावर साडेपाचला येतो" म्हणतील, तेव्हा त्यांना दुपारी तीनची वेळ द्या.